दस्ती बांधलेला हात

इंग्रजी टायपिंगचा पहिला धडा डाव्या हाताच्या चार बोटांचा असतो. करंगळी ए वर, तिच्या शेजारचं बोट एस वर, मधलं डी वर आणि पहिलं एफ वर. जालन्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आमचे सर हातात लाकडी पट्टी घेऊन मागं उभे राहायचे आणि आम्ही वीस-पंचवीस जण तो धडा एका तालात बडवायचो. ए एस डी एफ, स्पेस. ए एस डी एफ, स्पेस. वरच्या मजल्यावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत असा दणका चालायचा की खालचा टेलर वैतागून आपलं मशीन बंद करून बाहेर येऊन उभा राहायचा.

मी टेंभुर्णीहून एसटीनं यायचो. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालो तेव्हा सर म्हणाले, "तुझी बोटं चांगली आहेत." माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी चांगलं म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मी इतका फुगलो की महिनाभर एसटीत बसल्या बसल्या मांडीवर टायपिंग करायचो. शेजारची एक म्हातारी एकदा कंडक्टरला म्हणाली, "बाबा, या पोराला कायतरी झालंय, बोटं बघ कशी उडून राह्यली."

त्याच साली सोयाबीनच्या मळणीत माझा डावा हात मळणीयंत्रात गेला. कसा गेला ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि जे विचारतात त्यांचा मला राग येतो. तीन बोटं गेली. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं. पहिलं बोट आणि अंगठा राहिला. दवाखान्यात शुद्धीवर आलो, पट्टीकडं बघितलं, आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा: ए गेला, एस गेला, डी गेला. एफ तेवढा राहिला.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "चला, उजवा तरी वाचला." जसं काही डावा मी उधार आणलेला होता! मी तसा आधीपासूनच चिडका. त्यानंतर तर मी माणसातनं उठलोच. आमच्याकडं माणसाच्या अंगात जे कमी असेल तेच त्याचं नाव पडतं. मी थोट्या झालो. गल्लीतली लेकरं हाताला टॉवेल गुंडाळून माझ्या मागं चालायची आणि मी वळून बघितलं की खिदळत पळायची. लेकरांना काय कळतं, असं माय म्हणायची. मला मात्र कळत होतं ना. मग मी डाव्या हाताला कायम दस्ती बांधायला लागलो. दस्ती म्हणजे रुमाल. मराठवाड्याबाहेर हा शब्द सांगितला की लोक हसतात. मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळायची आणि दातांनी गाठ मारायची. माझ्याकडं चार दस्त्या होत्या, दोन पांढऱ्या आणि दोन चौकड्याच्या. झोपतानासुद्धा मी ती सोडत नव्हतो.

दोन वर्षं घरात बसून काढली. मग एका ओळखीच्या माणसानं जालन्याच्या एका कॉलेजात रोजंदारीवर लावून दिलं. काम काय, तर कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये झाडायचं, पडदे लावायचे आणि पोरांच्या चपला बाहेर ओळीनं लावून ठेवायच्या. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायची सोय नव्हती. देवळात जावं तसं जायचं. आत एसी, बाहेर चाळीस जोड चपला, आणि त्यांचा राखणदार मी. चाळीस शब्द मिनिटाला टाईप करणारा माणूस चाळीस जोड चपला सांभाळतोय, हे माझ्या डोक्यातनं जाता जात नव्हतं.

लॅबमधला असिस्टंट माझ्याच वयाचा होता. परतूरचा, शाळामास्तरांचा मुलगा. बोलायला तिखट आणि कामाला वेडा. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतले फुकटचे प्रोग्राम त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर टाकले होते आणि त्या मशीनला कुणाला हात लावू देत नव्हता. एकदा मधल्या सुट्टीत लॅब रिकामी बघून मी नेमका त्याच मशीनसमोर बसलो. उजव्या हाताची पाचही बोटं बरोब्बर जागेवर पडली. डाव्या हातानं काय करावं ते कळेना. दस्तीसकट हात कीबोर्डवर ठेवला आणि पहिल्या बोटानं एक एक अक्षर हुडकत बसलो. कोंबडीनं दाणे टिपावेत तसं.

"काय करून राह्यलास?"

मी दचकून उठलो. तो दारात उभा होता. "पुसत होतो, सर."

"टायपिंग येतं तुला. उजवा हात बघितला मी. खोटं नको बोलू." त्यानं खुर्ची ओढली. "आणि सर-बिर म्हणू नको. बस. डाव्याला काय झालं?"

मी पहिल्यांदाच कुणाला तरी चिडल्याशिवाय सांगितलं, की ए, एस, डी गेले.

त्यानं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. बिचारा, अरेरे, असलं काही म्हणाला नाही. म्हणाला, "बोट काही परत येत न्हाई. मंग बटन हलवू."

मला वाटलं, हा कीबोर्ड फोडणार. पण त्यानं मला त्या मशीनमधला एक एडिटर दाखवला. एडिटर म्हणजे लिहायची जागा. दिसायला अगदी भिकार, ना रंग ना चित्रं. पण त्याची एक गंमत होती. त्याची एक वेगळी फाईल असायची, तिला आम्ही वळण म्हणायचो. कुठलं बटन दाबलं की काय व्हावं, ते त्या फाईलमध्ये आपणच लिहून ठेवायचं. एडिटर उघडताना ती वाचणार आणि मुकाट्यानं तसं वागणार. बाकीचे प्रोग्राम माणसाला वळण लावतात, हा माणसाकडून लावून घेतो, असं तो म्हणायचा. या एडिटरची सगळ्या जगात एकच तक्रार, की त्यात कंट्रोलचं बटन सारखं दाबावं लागतं आणि डाव्या करंगळीची वाट लागते. हे सांगताना तो मध्येच थांबला आणि माझ्या हाताकडं बघून जीभ चावली. मी म्हणालो, "माझ्या करंगळीची काळजी नको. तिची लागायची ती वाट लागली." दोघंही हसलो. दोन वर्षांत मी पहिल्यांदा त्या हातावर हसलो असेन.

तेवढ्यात कॉलेजात एक गोष्ट घडली. प्रश्नपत्रिका टाईप करणाऱ्या बाई लग्न होऊन नांदेडला जाणार होत्या. त्यांच्या जागी माणूस हवा होता. प्रश्नपत्रिका गुप्त, म्हणून बाहेरच्यापेक्षा कॉलेजातलाच बरा, असं ठरलं. माझ्या दोस्तानं गणिताच्या मॅडमकडं माझं नाव सांगून टाकलं, मला न विचारता! मॅडम शांत बाई. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्यासमोर बसून एका तासात एक अख्खा पेपर टाईप करून दाखवायचा. जमला तर जागा त्याची." आणि नाही जमला तर? लॅबच्या रोजंदारीची मुदतही तेव्हाच संपत होती. म्हणजे सरळ टेंभुर्णी. पुन्हा ती गल्ली, पुन्हा ते टॉवेल गुंडाळलेले हात. मला ते बिलकुल नको होतं. मला टायपिस्ट व्हायचं होतं.

मग आम्ही लागलो कामाला. कॉलेज सुटल्यावर रोज दोन तास. त्याची युक्ती अशी. डावा अंगठा धड होता, तो आल्टच्या बटनावर ठेवायचा. आल्ट दाबलं की उजव्या हाताचं बोट डाव्या हातातल्या त्याच्या जोडीदाराचं काम करणार. उजवी करंगळी डाव्या करंगळीचं, म्हणजे ए. तिच्या शेजारचं एस, मधलं डी. भाऊ नसला की त्याचा तुकडा दुसऱ्या भावानं पेरावा, तसा हिशेब. ई आणि सी तेवढे उरलेल्या पहिल्या बोटानं ताणून घ्यायचे. वळणाच्या फाईलमध्ये हे सगळं कंसात लिहायचं. एक कंस राहिला की अख्खी फाईल रुसायची आणि एडिटर उघडतानाच काहीतरी पुटपुटायचा. पहिले चार दिवस मी एवढे कंस विसरलो की तो म्हणाला, "तू गोठ्याचं दार तरी लावत होतास का रे?"

याखेरीज त्यात छोट्या शब्दांचे मोठे शब्द करायची सोय होती. प्रश्नपत्रिकेत तीच तीच वाक्यं येतात. ती मी सगळी जमा केली आणि प्रत्येकाला एक आखूड नाव दिलं; ते नाव मारलं की अख्खं वाक्य आपोआप उमटायचं. 'इलस्ट्रेट विथ अ नीट डायग्राम' या वाक्याला मी नाव दिलं 'इल'. आय आणि दोन एल, तिन्ही उजव्या हाताची. माझ्या हुशारीवर मी खूष. पुढच्या आठवड्यात दोस्ताला ताप आला. त्यानं त्याच मशीनवर रजेचा अर्ज टाईप केला, न वाचता छापला आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून खोलीवर जाऊन झोपला. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून अर्ज पुढं केला. 'आय अ‍ॅम इलस्ट्रेट विथ अ नीट डायग्राम सिन्स यस्टर्डे.' प्राचार्य शांतपणे म्हणाले, "आकृती कुठंय?" तो बाहेर आल्यावर मला मारायला धावला. ती आठवण आली की आजही मी एकटाच हसतो आणि बायको विचारते, काय झालं.

सराव करताना मी दस्ती सोडायचो. ती बांधलेली असली की अंगठा आखडतो, आल्टपर्यंत वेळेत पोचत नाही. त्याच्यासमोर सोडायला मला काही वाटायचं नाही. बाहेर पावलं वाजली की मात्र मी चटकन गुंडाळायचो. त्याला ते दिसायचं.

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. अजून माझी गाडी अडखळतच होती. बटनांच्या काही जोड्या कीबोर्डवर सोप्या वाटायच्या, हाताला जमायच्या नाहीत. मोठं अक्षर काढताना तर सगळा घोटाळा. कुठं अडतंय ते मला सांगता येत नव्हतं, आणि त्याला दहा बोटांनी कळत नव्हतं. एका सकाळी मी लॅबमध्ये आलो तर पोरं दबक्या आवाजात हसत होती. फळ्यापाशी तो उभा होता. डाव्या हाताला दस्ती बांधलेली. मनगटापासून बोटांपर्यंत, थेट माझ्यासारखी, गाठसुद्धा तशीच.

मला दुसरं काही सुचलं नाही. डोळ्यांपुढं गल्लीतली लेकरं आली. मी त्याच्यापर्यंत गेलो आणि सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "तूपण? लाज वाटत न्हाई का? माझी नक्कल करून पोरांना हसवतो का?" तो काहीतरी सांगायला गेला. मी म्हणालो, "बोलूच नको माझ्याशी," आणि बाहेर जाऊन चपला लावत बसलो. एकच माणूस होता ज्याच्यासमोर मी हात उघडा केला होता, आणि त्यानंच असं करावं, हे मला गिळता येत नव्हतं.

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मशीनलाही हात लावला नाही. मनात म्हटलं, गेली तर गेली ती जागा. तो दस्ती बांधून येतच राहिला. तशीच सायकल चालवायचा. कॅन्टीनमध्ये तसाच चहा प्यायचा, एकदा तर कप हातातनं सुटून शर्टावर पडला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. किती नाटक करतो, असं वाटलं. माझ्या मठ्ठ डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

नवव्या दिवशी तो परतूरला गेला होता. मधल्या सुट्टीत मॅडम लॅबमध्ये आल्या आणि विचारलं, "तयारी कुठवर आली?" मी खोटं बोललो, चाललीय म्हणालो. त्या म्हणाल्या, "बघू, उघडा बरं." आता आली का पंचाईत. मी मशीन चालू केलं. वळणाची फाईल उघडली आणि बघतो तर ती दुप्पट लांब झालेली. मध्ये मध्ये अर्धविरामानं सुरू होणाऱ्या ओळी. त्या फाईलमध्ये ओळीच्या आधी अर्धविराम टाकला की ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही; ती माणसासाठी असते. रोमन अक्षरांत, आमच्या मराठीत लिहिलेलं होतं.

'पहिला दिवस. तीन बोटं बांधली. शर्टाची गुंडी लागंना.'

'दुसरा दिवस. शिफ्ट आणि आल्ट संगं दाबता येत न्हाई. मोठ्या अक्षरासाठी वरचं एक बटन वेगळं दिलं. ते आधी दाबायचं, पुढचं अक्षर आपोआप मोठं.'

'तिसरा दिवस. पोरं हसली. याला रोजच हसत असतील. तो अजून माझ्यावर चिडलेलाच आहे. बराबर आहे, आधी सांगायला पाहिजे होतं.'

'पाचवा दिवस. मनगट सुजलं. डब्ल्यूची जागा बदलली, आता दुखत न्हाई.'

'आठवा दिवस. पेपरातलं स्टेट अँड प्रूव्ह न चुकता आलं, वीस वेळा. त्यालाबी येईल. तो बोलंना. दिवाळीच्या आधी वाचंल तर बरं.'

मॅडमनीही माझ्या खांद्यावरनं ते वाचलं असणार. त्या निघून गेल्या. मी तिथंच बसून राहिलो. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी परतूरची गाडी यायच्या वेळेला मी स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. तो उतरला. हाताला दस्ती होतीच. मी म्हणालो, "सोड ती आता. माझ्या हातावर बघू की पुढचं." तो म्हणाला, "सोडतो. गाठ तू सोड, मला दातांनी जमत न्हाई. तू रोज कसं करतो कुणास ठाऊक." प्लॅटफॉर्मवर मी उजव्या हातानं आणि दातांनी त्याच्या हाताची गाठ सोडली. त्याचं मनगट खरंच सुजलेलं होतं. माफी मागायची राहूनच गेली.

दिवाळीला मी घरी गेलो नाही. परीक्षेच्या दिवशी मॅडम होत्या, प्राचार्य होते, ऑफिसातले दोन कारकून उगाच बघायला आले होते आणि दाराशी पोरांची गर्दी. मॅडमनी हातानं लिहिलेला पेपर पुढं ठेवला. मी कीबोर्डवर हात ठेवले. डाव्या हातावर दस्ती होती. घड्याळ सुरू झालं तरी माझ्याच्यानं ती सुटेना. इतक्या लोकांसमोर! दोन मिनिटं गेली असतील. मी मान वळवून बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि पाठीमागं नाही, सगळ्यांना दिसेल असा डावा हात त्यानं छातीशी धरला होता, तीन बोटं मिटून. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी दस्ती सोडली, खिशात कोंबली आणि पहिला शब्द मारला.

पन्नासाव्या मिनिटाला पेपर झाला. चुका दोन. मॅडम म्हणाल्या, "दोन चालतील. उद्यापासून चपला दुसरं कुणीतरी लावेल." मी लॅबबाहेर येऊन त्या चपलांच्या ओळीशेजारीच बसलो आणि हुंदके देऊन रडलो, खोटं कशाला सांगू. त्यानंतर हाताला दस्ती कधी बांधली नाही. दस्ती पुन्हा घाम पुसायच्या कामाला लागली.

दोन वर्षांनी त्याला पुण्याला नोकरी लागली. आधी पत्रं यायची, मग फोन, मग सणासुदीला फोन. मी त्याच कॉलेजात टायपिस्टचा हेडक्लार्क झालो. मशीनं बदलली, लॅबमध्ये लोक चपला घालून जायला लागले, पण वळणाची ती फाईल मी प्रत्येक नव्या मशीनवर नेली. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर. त्यात भर घातली, पण अर्धविरामाच्या त्या ओळी कधी पुसल्या नाहीत. त्यामुळं एक झालं, माझ्या मशीनवर दुसऱ्या कुणालाच एक ओळ टाईप करता येत नाही. घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा मुलगी सातवीत होती. तिनं पाच मिनिटं प्रयत्न केला आणि पाय आपटत म्हणाली, "बाबा, याच्यावर माझी बोटं जास्त होतात."

त्याच उन्हाळ्यात तो आला. जाफराबादला कुणाचं तरी लग्न होतं, तिथनं वाट वाकडी करून. डोक्यावरचे केस गेले होते, पोट आलं होतं. चहा झाला. मी म्हणालो, "तुझी फाईल अजून आहे, बघ." तो मशीनसमोर बसला. कुठलं अक्षर कुठं आहे ते त्याला सांगायला मी पुढं झालो, कारण मधे इतकी वर्षं गेली होती, आणि त्याला तर देवानं दिलेली दहाच्या दहा बोटं होती.

त्यानं उजवा हात ठेवला. मग डावा ठेवला, आणि डाव्या हाताची तीन बोटं आपोआप तळव्यात मिटली. अंगठा आल्टवर गेला. पडद्यावर सरसर उमटलं: स्टेट अँड प्रूव्ह. एकही चूक नाही.

मुलगी बघतच राहिली. "काका, तुम्हाला कसं येतं? आमच्यात कुणालाच येत नाही."

त्यानं स्वतःच्या मिटलेल्या बोटांकडं बघितलं. त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं. "येतं बाई," तो म्हणाला. "पुण्यातबी कधी घाईत असलो की हात असाच पडतो. हापिसातले हसतात."

मी तोंड फिरवून खिसा चाचपायला लागलो. त्यानं स्वतःची दस्ती काढून माझ्याकडं फेकली.

"डोळे पूस," तो म्हणाला. "बांधू नको."